दाराचं रबर उघडून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात सव्वीस वर्षांपासून गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. शिक्षण दहावीपर्यंत. पेपरात पत्र पाठवण्याची ही पहिलीच वेळ आहे, चुकभूल सांभाळून घ्यावी.

मागच्या आठवड्यात फाट्यावरच्या अपघाताची बातमी वाचली. भरधाव वाहनाची कारला धडक, एक ठार, दोन जखमी. चार ओळी होत्या. धडक पुढून बसली की बाजूनं, ते त्यात नव्हतं. लोकांना त्यानं काय फरक पडतो असं वाटेल, पण पत्र्याचं काम करणाऱ्याला विचारा. फरक जीव जाण्याचा आणि राहण्याचा आहे.

पुढून ठोकलेली गाडी माझ्याकडे येते तेव्हा तिचं बोनेट वळकटीसारखं गोळा झालेलं असतं. रेडिएटर फुटलेला, इंजिन मागं सरकलेलं. मालक कपाळाला हात लावतो. मी त्याला म्हणतो, भाऊ, हे सगळं गोळा झालं म्हणून तू इथं उभा आहेस. पुढं दीड-दोन हात लोखंड असतं, ते चुरगाळत जातं आणि धडकेचा जोर पिऊन घेतं. बाजूनं हा हिशोब नाही. तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसा आणि खांद्यापासून दाराच्या बाहेरच्या पत्र्यापर्यंत वीत टाका. एक वीत भरते, फार तर चार बोटं वर. जे काय वाचवायचं आहे ते त्या वीतभर जागेत वाचवावं लागतं.

त्या वीतभरात काय असतं ते मी रोज पाहतो. दाराच्या आतलं पॅनल काढलं की आधी पातळ प्लास्टिकचा कागद, मग काच वरखाली करणारी मशीन, वायरिंग, स्पीकर. त्याच्या पलीकडे, बाहेरच्या पत्र्याला जवळजवळ चिकटून, बिजागरीपासून कुलपापर्यंत एक तिरपी आडवी नळी असते. सायकलच्या दांड्याएवढी जाड. काही गाड्यांत नळीऐवजी नागमोडी पट्टी असते. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो, अंगठ्यानं दाबला तर दबतो. म्हणजे दारात खरी ताकद त्या एका दांड्याची. धडक बसली की दांडा ती एका बाजूला बिजागरीकडच्या खांबावर आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या-मागच्या दारांच्या मधल्या खांबावर ढकलतो. या मधल्या खांबाला आम्ही सेंटर पिलर म्हणतो. तो वर छताला आणि खाली दाराच्या उंबऱ्याला बांधलेला असतो. आमच्याकडे मातीच्या घरात आढ्याखाली मधली खांबोटी असते ना, तसं ते काम आहे. ती निघाली की घर बसतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, माझी ताई, भाऊजी आणि भाची नातेवाइकांकडचं साक्षगंध आटोपून परत येत होते. गाडी भाऊजी चालवत होते. गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर उजव्या हाताला तुरीचं वावर आहे. त्या दिवसांत तूर पुरुषभर उंच असते, शेंगांनी भरलेली, धुऱ्यापर्यंत आलेली. भाऊजींनी गाडी थांबवली होती, हे ताईला पक्कं आठवतं. मग नाक थोडं पुढं काढलं, काही दिसलं नाही, अजून थोडं काढलं. कापसाची भरलेली पिकअप जिनिंगकडे चालली होती. ती ड्रायव्हरच्या दारावर आणि पिलरवर बसली. पिकअपवाल्या पोराचा मी दोष मानत नाही. तुरीतून गाडी निघाल्यावर ब्रेक मारायला त्याच्या हातात रस्ताच नव्हता.

भाऊजींनी पट्टा लावलेला होता. दवाखान्यात नेताना वाटेतच गेले. भाची त्यांच्या मागच्या सीटवर, म्हणजे धडकेच्याच बाजूला होती. ती वाचली, पण बरगड्या आणि कंबरेचं हाड मोडलं, पाच महिने अंथरुणावर होती. ताईही मागच्याच सीटवर, डावीकडे बसली होती. तिनं पट्टा लावला नव्हता. उजवीकडून धडक बसली की गाडीतलं माणूस उजवीकडेच फेकलं जातं, तशी ती अख्खी लेकीच्या अंगावर गेली. लेकीच्या बरगड्या दारानं मोडल्या की आईच्या खांद्यानं, हे कोणीच सांगू शकलं नाही. ताईच्या डोक्यातून ते अजून जात नाही. मागच्या सीटवर पट्ट्याचं काय काम, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. पट्टा तुमच्यासाठी असतोच, तुमच्या शेजारी बसलेल्यासाठीही असतो. मागच्या सीटवर पट्टा लावण्याचा नियम आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. आमच्या भागात तो दंड भरलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

चौथ्या दिवशी मी पोलीस स्टेशनच्या आवारात गाडीतलं सामान आणायला गेलो. गाडी चिंचेच्या झाडाखाली उभी होती. समोरून पाहिली तर बोनेटवर ओरखडा नाही, दोन्ही हेडलाइट शाबूत, नंबरप्लेटजवळ बांधलेला लिंबू-मिरचीसुद्धा तसाच. उजवीकडे आलो आणि माझे पाय थांबले. पिलर खालून एक हातावर आडवा फाटला होता. मी बसलो आणि नखानं खरवडलं. बोटाच्या पेराएवढा पुट्टीचा पोपडा हातात आला. त्याच्याखाली जुना सांधा. म्हणजे ही गाडी आधी एकदा बाजूनं ठोकली गेली होती, कोणीतरी पिलर कापून भंगारातल्या गाडीचा तुकडा जोडला होता, आणि जोडतानाही पूर्ण वेल्डिंग न करता बाहेरून फक्त टाके दिले होते. आतली जाड पट्टी, जिच्यावर पिलरचा सगळा भार असतो, ती बसवलेलीच नव्हती. वरून पुट्टी, प्रायमर, रंग. रंगाचं काम सुरेख होतं. मी स्वतः डेंटर असून त्या गाडीत चारदा बसलो होतो आणि मला कळलं नव्हतं.

भाऊजींनी ती गाडी सेकंडहँड घेतली होती. मॉडेल २०१४ चं. विकणाऱ्यानं 'एकदम ओरिजिनल, नॉन-अ‍ॅक्सिडेंट' म्हणून दिली होती. सांधा नसता तर भाऊजी वाचले असते, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. मी इंजिनिअर नाही. पण फाटलेली कड मी हातानं चाचपली आहे. ती सांध्यावरच फाटली होती.

आणि दुसरी गोष्ट, जी लिहायला मला तीन वर्षं लागली. असे सांधे मीही दिले आहेत.

सुरुवातीच्या वर्षांत गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "भाऊ, जास्त खर्च नको करू, माह्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा हाये, आपल्या गाडीचे पैसे त्यात भेटत नाही. दिसाले चांगली दिसली म्हणजे झालं." सोयाबीन गेलेलं, कापसाला भाव नाही, पोरीचं लग्न तोंडावर. मला दया यायची आणि मी गॅसवर पिलर तापवून हातोडीनं सरळ करून द्यायचो. त्यावेळी कोणी सांगितलं नव्हतं की नव्या गाड्यांच्या पिलरचं पोलाद साधं नसतं. कारखान्यात ते लालबुंद तापवून, साच्यात दाबून, तिथल्या तिथं थंड करतात, तेव्हा ते इतकं टणक होतं. आपण गॅसची ज्योत मारली की पाणी उतरतं. विळ्याचं पाणी उतरल्यावर विळा कसा वाकतो, हे आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दिसायला तोच विळा, पण कापत नाही. असा पिलर कापायचा तर कंपनीनं ठरवून दिलेल्या जागीच, आणि पूर्ण नवा भाग आतल्या पट्टीसकट बसवायचा. तापवून सरळ करायचा नाही.

भाऊजी गेल्यावर मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. पिलरचं किंवा उंबऱ्याचं काम केलेल्या अकरा गाड्यांचे नंबर सापडले. मालकांना फोन लावले. चार गाड्या विकल्या गेल्या होत्या, पुढचा पत्ता नाही. दोन भंगारात. पाच सापडल्या, त्यांतले तीन मालक गाडी घेऊन आले. त्या तिन्ही उघडून मी पुन्हा नीट दुरुस्त केल्या, एकात तर दारातला आडवा दांडाच नव्हता. भंगारातलं दार बसवताना मी पाहिलं नव्हतं. पैसे सामानाचे घेतले, मजुरी घेतली नाही. उरलेल्या दोघांपैकी एकानं "इतके वर्षं काही झालं नाही ना, मग?" म्हणून फोन ठेवला. विकलेल्या चार गाड्या कुठे फिरतात, कोणाची लेकरं त्यात बसतात, हे रात्री कधी कधी डोक्यात येतं.

म्हणून वाचकांना हात जोडून सांगतो, जुनी गाडी घेताना रंग आणि म्युझिक सिस्टिम नंतर पाहा. आधी दार उघडा. दाराच्या चौकटीला जे काळं रबराचं बीडिंग असतं ते हातानं ओढलं की निघतं आणि परत दाबलं की बसतं, काही बिघडत नाही. त्याखाली पत्र्याच्या कडेवर गोल गोल खळगे दिसतील, सारख्या अंतरावर, जशी शिवणयंत्राची टीप. ते कंपनीचे स्पॉट वेल्डिंग. ही टीप चारही दारांना, वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे. कुठे खळगे गायब, कुठे उंचसखल लेप, कुठे ग्राइंडर फिरवल्याचे चरे, तर तिथं काम झालेलं आहे. मग बिजागरीचे बोल्ट पाहा. त्यांच्यावरचा रंग उडालेला असेल तर दार काढलेलं आहे. पिलरवर बोटानं वरून खाली टकटक करत या. पत्र्याचा आवाज मध्येच मातीच्या मडक्यासारखा बद्द झाला तर आत पुट्टी आहे. पाच मिनिटांचं काम आहे. बैल घेताना दात पाहतोच ना आपण.

हे तुम्हालाच पाहावं लागेल, कारण दुसरं कोणी पाहत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या पंधरा वर्षांत ती तीनदा ठोकली, चारदा विकली, तरी तिचा पिलर उघडून पाहणारा एकही सरकारी माणूस मधे येत नाही. नावावर करताना कागद तपासतात. गाडी बदलून गेलेली असू शकते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मोठ्या धडकेनंतर दुरुस्त झालेली गाडी परत रस्त्यावर येण्याआधी कोणीतरी जाणकारानं पाहिली पाहिजे आणि तशी नोंद तिच्या कागदावर राहिली पाहिजे, ही माझी मागणी आहे. आम्हा गावच्या डेंटरना हे नवं पोलाद कसं हाताळायचं याचं शिक्षण तालुक्याच्या आयटीआयत दोन-चार दिवस जरी दिलं, तरी येतील पोरं. मी स्वतः सगळ्यांना घेऊन येईन.

माझा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्यानं मला नियम वाचून दाखवले. बाजूच्या धडकेची चाचणी आपल्याकडे नव्या मॉडेलला १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. त्यात ९५० किलोचा गाडा ताशी ५० किलोमीटरनं उभ्या गाडीच्या दारावर आदळवतात. म्हणजे त्याआधी बनलेल्या गाड्यांना ही परीक्षा देण्याचं बंधनच नव्हतं, आणि आमच्या तालुक्यात फिरतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त गाड्या मला त्याआधीच्याच दिसतात. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची, म्हणजे गाडी आदळवून पाहून तिला सुरक्षेचे स्टार देण्याची, पद्धत सुरू झाली. तिच्यात तीन किंवा जास्त स्टार पाहिजेत तर गाडी आडवी सरकवून खांबावर आदळवण्याचीही चाचणी आहे, ताशी २९ किलोमीटरनं. चांगली गोष्ट आहे, पण ती कंपनीच्या मर्जीवर ठेवली आहे. बाजूच्या दोन आणि छताकडून खाली उतरणाऱ्या दोन पडद्याच्या एअरबॅग धरून सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा सरकारनं जानेवारी २०२२ मध्ये काढला, तारीख एक वर्ष पुढं ढकलली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असं सांगितलं. मला याचं वाईट वाटतं. बाजूची एअरबॅग काही कालचा शोध नाही, व्होल्वोनं ती १९९४ सालीच गाडीत आणली होती. ज्याच्याकडे पैसा आहे तो वरचं मॉडेल घेतो आणि त्याला पडदा मिळतो. कर्ज काढून खालचं मॉडेल घेणाऱ्या मास्तरच्या किंवा शेतकऱ्याच्या लेकराचं डोकं काही वेगळ्या हाडाचं नसतं.

ज्यांच्या गाडीत बाजूची एअरबॅग आहे, त्यांनी एक गोष्ट आजच पाहावी. बऱ्याच गाड्यांत ती सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला असते. तिथं 'एअरबॅग' लिहिलेली छोटी कापडी पट्टी शिवलेली असते. आणि आपण काय करतो, गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात रेक्झिनचं घट्ट कव्हर चढवतो. ती पिशवी पापणी लवायच्या आत फुगून दार आणि बरगडी यांच्यामध्ये यायला पाहिजे, ती कव्हरमध्येच अडकली तर काय उपयोग? कव्हर घालायचंच तर त्या कडेला मोकळं असलेलं, त्याच गाडीसाठी शिवलेलं घ्या. शेगावहून रात्री दर्शन करून परतताना लेकरं दाराला डोकं टेकून झोपतात, त्यांना मधल्या जागेवर सरकवा, पट्टा लावून.

गोपीनाथ मुंडे साहेबांचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ३ जून २०१४ ला दिल्लीत ते मागच्या सीटवर बसले होते, चौकात दुसऱ्या कारनं बाजूनं धडक दिली. बाहेरून मोठी जखम नव्हती, आत यकृताला इजा झाली होती. केंद्रात मंत्री झालेला माणूस दिल्लीच्या रस्त्यावर, साध्या कारच्या धडकेनं गेला. अख्खा महाराष्ट्र रडला, पण मागचा पट्टा आणि बाजूचं दार याबद्दल आम्ही काही शिकलो असं मला दिसत नाही.

तरी एक खरं सांगितलं पाहिजे. चाचणीतला गाडा ९५० किलोचा आहे. आमच्या रस्त्यावरून वणीकडचे कोळशाचे टिप्पर जातात, उसाच्या आणि कापसाच्या ट्रॉल्या जातात. त्यांचं बंपर कारच्या उंबऱ्याच्याही वर येतं. तिथं दांडाही कमी पडतो आणि पिलरही. तिथं धडक होऊच नये हाच एक इलाज, आणि तो फाट्यावर आहे.

ताशी ८० च्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. उभी कार फाटा ओलांडून सरळ व्हायला चार-पाच सेकंद घेते. म्हणजे दोन्ही बाजूंना शंभर मीटर तरी मोकळं दिसलं पाहिजे. भाऊजी थांबले होते तिथं मी टेप लावून मोजलं. तूर उभी असताना डिसेंबरात तिथून उजवीकडे तेवीस मीटर दिसायचं. एक सेकंद.

गावरस्ता मोठ्या रस्त्याला मिळायच्या आधी, गावरस्त्यावरच, गतिरोधक असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेच्या, मार्गदर्शक सूचनांत आहे. गोल पाठीचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे कंबर न मोडता गाडी हळू होईल असा. आमच्या फाट्यावर तो नाही, थांबा लिहिलेली पाटी नाही, दिवा नाही. ज्या खात्याचा रस्ता आहे त्या खात्याला मी तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. रस्त्याच्या आखणीतल्या, देखभालीतल्या दोषामुळे मृत्यू झाला तर जबाबदार असलेल्याला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ मध्ये आहे. माझ्यासारख्या माणसाला कोर्टात जाणं परवडत नाही. गतिरोधक आणि पाटी परवडेल त्यांना, एवढंच म्हणणं आहे.

तुरीच्या वावराच्या मालकाकडे मात्र मी गेलो होतो. वय सत्तरच्या वर. मला वाटलं होतं भांडण होईल. बाबांनी ऐकून घेतलं, पोराला हाक मारली आणि म्हणाले, "कोपऱ्यावरचे आठ तास (ओळी) तूर नको लावू औंदा. सोयाबीनच पेर तिथं." त्याच्या पुढच्या वर्षीही सोयाबीनच पेरलं. आता फाट्यावर उभं राहिलं की कोपऱ्यातून पलीकडचा नाल्याचा पूल दिसतो. त्यांचं दोन पोत्यांचं नुकसान होतं, त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. ज्यांचं वावर फाट्याच्या कोपऱ्यावर आहे त्या सगळ्या शेतकरी बांधवांना माझी हीच विनंती आहे. तूर, पऱ्हाटी, ज्वारी आत घ्या, कोपऱ्यावर सोयाबीन, मूग, हरभरा ठेवा.

माझं नाव छापू नये, ताईला परत लोकांचे प्रश्न नकोत. पण ज्याला आपल्या गाडीचं रबर उघडून दाखवून घ्यायचं आहे, त्यानं आपल्या ओळखीच्या कोणत्याही डेंटरला सांगावं, तो नाही म्हणणार नाही. आमच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी मी दुसरं काम घेत नाही. सकाळपासून येतात त्यांच्या गाड्या पाहतो. मागच्या बाजारी नऊ पाहिल्या. दोन गाड्यांच्या पिलरला सांधा निघाला.

आपला,
एक डेंटर
ता. राळेगाव, जि. यवतमाळ